लेहच्या पायऱ्या आणि व्याह्यांची छाती

परत आल्यापासून बोरीतल्या बाया मला एकच विचारतात, "बाई, बर्फ पाहिला का?" पाहिला की. लांबून, डोंगरांच्या डोक्यावर. पण खरं सांगायचं तर बर्फापेक्षा जास्त वेळ मी दवाखान्यातल्या एका पलंगाकडं बघत बसले. लडाखची माझी निम्मी गोष्ट त्या पलंगाचीच आहे. तरी ती सांगतेच, कारण आज ना उद्या तुमच्यातलंही कुणीतरी तिकडं जाणार, आणि जाताना माझी आठवण झाली तर बरं होईल.

आधी आम्ही का गेलो ते. माझा भाचा कैलास लेहच्या पुढं रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो. त्याची आई तो लहान असतानाच गेली, म्हणून तो माझ्या हाताखाली वाढला. शाळेत मी त्याची बाई, घरी आत्या. बिचाऱ्याला कुठंच सुटका नव्हती. यंदा पोखर्णीच्या लिंबाजीरावांच्या मीराशी त्याचा साखरपुडा झाला. तो कामावर परत गेला आणि थोड्याच दिवसांत फोन आला: वरच्या कॅम्पावर पोराच्या फुप्फुसात पाणी झालं, खाली लेहला आणून दवाखान्यात ठेवलंय.

तो आठवड्याच्या आत बरा होऊन बाहेर पडला. त्याला आता वर पाठवत नाहीत, लेहच्याच वर्कशॉपात काम दिलंय. पण बातमी बरी होत नसते. बोरीतून निघाली तेव्हा ती 'फुप्फुसात पाणी' होती, पोखर्णीला पोचेपर्यंत तिचा टीबी झाला होता. पुढं कुणी त्याच्या काळजालाही भोक पाडलं. "नाव कैलास, आन् डोंगर चढला की दम तुटायलाय," असं म्हणून पारावरची माणसं हसायची, ते मला कळायचं. अंगाचा तिळपापड व्हायचा, पण कुणाकुणाच्या तोंडाला हात लावणार?

लिंबाजीरावांच्या भावकीनं सांगितलं, सोयरीक मोडा. मीरा म्हणाली, "लग्न करीन तर त्याच्याशीच. पण बाबा, तुमी एकदा डॉक्टरला इचारून या." पोरगी गुणाची. मग लिंबाजीराव आमच्याकडं आले, चहा घेतला नाही, उभ्यानंच बोलले.

"ईनबाई, राग मानू नका. म्या सोता जातो. डॉक्टरच्या तोंडून आयकतो. पोराची छाती कच्ची असंल तर पोरगी देणार न्हाई."

लग्न व्हायच्या आधीपासूनच ते मला ईनबाई, म्हणजे विहीणबाई, म्हणायचे. माझ्या भावाचे, कैलासच्या वडिलांचे, गुडघे गेलेले, म्हणून आमच्याकडून मी निघाले. सगळ्यांना काळजी माझीच. मी काडीपैलवान, त्यात वर्षानुवर्षांचा दमा. पंप पिशवीत घेतल्याशिवाय मी बाजारालासुद्धा जात नाही. लिंबाजीराव म्हणजे दाराच्या चौकटीएवढा गडी. तरणेपणी ऊसतोडीला जायचे तेव्हा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे. आता स्वतःची विहीर, स्वतःचा हळदीचा मळा आहे, पण खांदे अजून तेच आहेत.

परभणी ते लेह

गाडीचं आणि विमानाचं वर्णन करत नाही, ते सगळीकडं सारखंच. एवढंच सांगते की परभणी स्टेशनापासून लिंबाजीरावांनी मला काही उचलू दिलं नाही. माझी बॅग त्यांच्याकडं, पाण्याची बाटली त्यांच्याकडं. हातातली छोटी पर्स तेवढी मी पकडून ठेवली होती, तीही मागत होते.

"आहो, राहू द्या की."

"मुलीकडचे आमी, ईनबाई. आमी हात हालवत चलायचं आन् तुमी वझं उचलायचं? लोक शेण घालतील तोंडात."

दिल्लीत आम्हाला ओळखणारं लोक म्हणून कुणी नव्हतं, पण रीत ती रीत. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझ्या लग्नात माझा बाप असाच वऱ्हाडाच्या वळकट्या उचलत फिरला होता. आज मुलाकडची म्हणून मी मोकळ्या हातानं चालत होते, तर जरा ऐटीतच चालले.

त्यांचं स्वतःचं सामान म्हणजे निम्मी पोखर्णी. ज्वारीचं पीठ, गूळ, शेंगदाण्याची चटणी, हळद, जावयासाठी धपाटे. करडईच्या तेलाचा डबा विमानतळावरच्या पोरीनं काढून ठेवायला लावला तेव्हा ते इतके हळहळले, की तिलाच म्हणाले, "मंग तूच घरी घिऊन जा, बाई. भाजीला वापर." तिला मराठी कळली नाही, पण ती हसली.

कैलासनं फोनवर बजावलं होतं: आल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं. हिंडायचं नाही, ओझं उचलायचं नाही, पाणी पीत राहायचं. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे, हवा विरळ, अंगाला सवय व्हायला वेळ लागतो. हे मी गाडीत लिंबाजीरावांना सांगितलं. ते म्हणाले, "फळीवरून मोळ्या चढवल्यात म्या. मला कशाची आलीय सवय?"

विमान खाली उतरायला लागलं तेव्हा खिडकीतून पाहिलं. झाड नाही, गवत नाही, नुसते तपकिरी डोंगर आणि मधूनच नदीकाठी हिरवी पट्टी. लिंबाजीराव म्हणाले, "आपल्या माळाला उगंच नावं ठेवत होतो." मला मात्र ते उघडं रूप फार आवडलं. उन्हाळ्यात आपलं शिवार असंच दिसतं, फक्त इथं कुणीतरी त्याला उचलून आभाळाला टेकवलंय.

पहिला आणि दुसरा दिवस

कैलास ज्या घरात भाड्यानं राहतो ते टेकडीच्या उतारावर आहे. गाडी खाली थांबते, वर दगडी पायऱ्या. घरमालकीण आमा-ले, म्हणजे आपल्या आईसाहेब म्हणा, पायऱ्यांवरच उभी होती. दोन्ही हात जोडून म्हणाली, "जुले!" तिकडचा हा रामराम. भेटताना जुले, निघताना जुले, आभार मानायचे तरी जुले. आमचं काम एकाच शब्दावर भागलं.

कैलास बॅगेला हात घालायला गेला तर लिंबाजीरावांनी त्याला कोपरानं बाजूला केलं. "सरका, जावईबापू."

"मामा, ऐका माझं. आजच्या दिवस नका उचलू. मी नेतो ना."

"होणाऱ्या जावयाच्या डोक्यावर वझं दिऊन सासऱ्यानं मागून चलायचं? आसं कुठं आस्तं का?"

सगळं सामान त्यांनी वर नेलं, दोन खेपांत. दुसऱ्या खेपेला मधल्या पायरीवर थांबून हसले आणि म्हणाले, "हवा पातळ हाय खरी." मी आपली दर चार पायऱ्यांना बसत, आजूबाजूची जर्दाळूची झाडं मोजल्यासारखं करत चढले. आमा-लेनं मला बघून कैलासला काहीतरी विचारलं. नंतर कळलं, ती विचारत होती, ही म्हातारी जगेल ना?

चहा आला तो खारट. लोणी आणि मीठ घालून घुसळलेला. लिंबाजीरावांनी एक घोट घेतला आणि माझ्या कानाशी आले. "यांची साखर सरली का काय?" पण मुलीकडचा माणूस वाटी अर्धी ठेवून कसा उठेल? त्यांनी संपवला. संपला की आमा-ले पुन्हा भरायची, ही तिकडची रीत. अशा दोन रीती समोरासमोर आल्या आणि लिंबाजीराव किती वाट्या प्याले ते पोखर्णीच्या नरसिंहालाच ठाऊक. मला तो चहा दुसऱ्या घोटापासून आवडला. भाजलेल्या जवाचं पीठ त्यात कालवून खातात. चव थेट आपल्या सातूच्या पिठाची. संध्याकाळी मी वरण शिजत घातलं तर ते शिजता शिजेना. उंचावर पाणी लवकर उकळतं पण तेवढं तापत नाही, कुकरशिवाय डाळ हलत नाही. आमा-ले माझ्याकडं बघून हसत होती. मग तिच्याच हातचा भाज्या-कणकीच्या तुकड्यांचा रस्सा खाल्ला, आपल्या चकोल्यांच्या चुलतभावासारखा.

दुसऱ्या दिवशी मी गुमान पडून राहिले. डोकं जड होतं, दुपारून उतरलं. लिंबाजीरावांनी मात्र सकाळी बघितलं की कैलास खालच्या नळावरून पाण्याचे कॅन वर आणतोय. झालं! "जावई पानी भरणार आन् मी बसून पिणार?" कॅन ओढून घेतले आणि लागले खेपा घालायला. कैलास ओरडला, मीही ओरडले. पण रितीपुढं मुलाकडच्यांचंही चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी ते ठसकायला लागले. कोरडा खोकला. "हवा बदलली," म्हणाले आणि ओवा चघळत बसले. जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "आवो, काई न्हाई, ईनबाई. तुमी आराम करा."

तिसरा दिवस

सकाळी चहाला हाक मारायला गेले तर ते वळकटीला टेकून ताठ बसलेले. आडवं होता येत नव्हतं म्हणून बसून होते. टॉवेल तोंडाशी धरलेला, ओठ जांभळं खाल्ल्यासारखे.

"लिंबाजीराव, काय होतंय?"

"काई... न्हाई..." आणि पुढचा शब्द येईना. जवळ गेले तर त्यांच्या छातीत बुडबुड वाजत होतं, भाताला कढ आल्यासारखं. माझी पाचावर धारण बसली. मी माझा पंप काढला आणि त्यांच्या तोंडाशी नेला.

कैलास दारात आला, एक क्षण ऐकलं आणि माझा हात धरला. "आत्या, हा दमा न्हाई. हे माझंच झालंय त्यांना."

पुढं त्यानं विचारलं नाही, सांगितलं नाही. पाठ वाकवली आणि लिंबाजीरावांना पाठकुळी घेतलं. त्या एवढ्या गड्याला! ते त्याही अवस्थेत धडपडले. "ठिवा खाली... जावयाच्या... पाठीवर..."

"मामा, गप बसा. बोलण्यात दम घालवू नका."

ज्या पायऱ्यांवरून त्यांनी आमची ओझी चढवली त्याच पायऱ्यांवरून तो त्यांना घेऊन उतरला. मी मागून, आमा-ले माझा हात धरून. माझ्या डोळ्यांसमोर सारखी मीरा येत होती. बापाला तिनं पाठवलं होतं माझ्या भरवशावर. तिला कोणत्या तोंडानं फोन करू?

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, तिथल्याच, गालावर उन्हानं भाजल्याची लाली. कैलासला त्यांनीच बरं केलेलं. त्यांनी बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि लगेच ऑक्सिजन सुरू केला. औषध दिलं, पाठीमागं उशा लावून बसतं केलं. हिंदीत मला म्हणाल्या, "वेळेत आणलंत. आता यांनी हलायचं नाही. घाबरू नका."

मी घाबरायचं ते घाबरलेच. पण दुपारपर्यंत ओठांचा रंग पालटला. तिन्हीसांजेला लिंबाजीरावांनी ऑक्सिजनच्या मुखवट्याआडून विचारलं, "धपाटे खाल्ले का... जावईबापूंनी?" तेव्हा माझा जीव भांड्यात पडला आणि मी त्यांना चांगलं झापून घेतलं. आजारी माणसाला बोलू नये म्हणतात, पण मी पोरं शिकवलेली बाई, मला राहवत नाही.

खिडकीतला पाट

पलंगाच्या खिडकीतून जवाची शेतं दिसायची आणि त्यांच्यातून बर्फाचं पाणी घेऊन येणारा पाट. एक माणूस फावडं घेऊन दारं मोडायचा, दारं धरायचा, म्हणजे माती ओढून कुठं पाणी सोडायचा, कुठं अडवायचा, अगदी आपल्याकडच्यासारखा. लिंबाजीराव तेच बघत बसायचे. "टेलाच्या रानाला बी पानी पोचायलाय, बगा," म्हणाले. कालव्याच्या शेवटाला रान असलेल्या माणसालाच त्यातलं सुख कळतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा बोलण्यापुरता दम आला होता. ज्यासाठी आलो होतो ते लिंबाजीरावांनी विचारलं. हिंदी त्यांची निजामाच्या काळची वाटावी अशी, पण बाईंना कळली. मला असं का झालं? आणि हेच त्या पोराला का झालं?

बाईंनी त्यांची नजर कुठं आहे ते पाहिलं आणि खिडकीतल्या पाटाकडं बोट केलं. त्या म्हणाल्या, फुप्फुसात हवेचे बारीक बारीक खण असतात, आणि त्यांच्याभोवती रक्ताचे बारीक पाट. एखाद्या खणात हवा कमी पडली तर शरीर तिकडचं दार आवळतं, रक्त चांगल्या हवेकडं वळवतं. शहाणपणाचंच आहे. पण उंचावर सगळीकडंच हवा विरळ. मग शरीर सगळीकडं दारं आवळायला लागतं. बहुतेकांची दारं बेताची आवळतात. काही जणांची मात्र फार जोरात, आणि तीही सारखी नाहीत. कुठं घट्ट, कुठं मोकळी.

"मंग सगळा लोंढा उघड्या दारानं घुसंल की!" लिंबाजीराव म्हणाले.

"घुसतो. जोर वाढतो, बांध पाझरतो, आणि पाणी हवेच्या खणात येतं."

"रान चिबडतं."

चिबडणं म्हणजे पाणी साचून रान नासणं, हे मी बाईंना हिंदीत सांगायचा प्रयत्न केला. त्या हसून म्हणाल्या, "पण हे रान वाळतं. विश्रांती, ऑक्सिजन, नाहीतर खाली उतरणं. वाळलं की पहिल्यासारखं."

मी विचारलं, "मग मला का नाही झालं? मी तर दम्याची."

"दम्याचं गणित वेगळं, ह्याचं वेगळं. याचा ताकदीशी संबंध नाही. कुणाची दारं जास्त आवळणारी आहेत ते अंगावरून दिसत नाही. उलट धट्टेकट्टे लोकच जास्त फसतात, कारण ते ऐकत नाहीत. झपाट्यानं वर येतात, आल्या आल्या ओझी उचलतात." बाईंनी माझ्याकडं नाही, लिंबाजीरावांकडं पाहिलं.

लिंबाजीरावांनी पाठीमागची उशी सरळ केली. मग मुद्द्यावर आले. "म्हंजी पोराची छाती कच्ची न्हाई?"

"तुमची कच्ची आहे का?"

लिंबाजीरावांनी स्वतःच्या छातीकडं बघितलं. ऊस वाहिलेली, विहीर खोदलेली छाती.

बाईंनी पुढचंही नीट सांगितलं. कैलासचं फुप्फुस आज साफ आहे. त्याला टीबी नाही, काळीज ठणठणीत आहे, खाली मैदानात त्याला यामुळं काही अडचण नाही. पण एकदा झालेल्याला पुन्हा होऊ शकतं. म्हणून सुट्टीवरून परतताना त्यानं विमानानं एकदम यायचं नाही. रस्त्यानं, मुक्काम करत, आधी विचारून औषध घेऊन यायचं, आणि वरच्या कॅम्पाचं नाव काढायचं नाही. हाच नियम लिंबाजीरावांना. आणि जाता जाता म्हणाल्या, हे कधीकधी एका घरातल्या दोघांतिघांनाही होतं, तेव्हा यांची मुलगी इकडं आली तर तिनंही हळूच यावं.

बाई गेल्या आणि लिंबाजीरावांचा चेहरा उतरला. एवढं आजारी असतानाही उतरला नव्हता तेवढा. कैलास औषधं आणायला गेला होता. त्यांनी मुखवटा बाजूला केला आणि हात जोडले.

"ईनबाई, खोट पाह्यला आलतो तुमच्यात, आन् निघाली आमच्यात. आता पोरीलाबी आसंल म्हणत्यात. तुमी... करून घेताल का न्हाई तिला?"

एवढा मोठा माणूस, आणि डोळ्यांत पाणी. मला हसूही आलं आणि भरूनही आलं. मी त्यांचे हात सोडवले, मुखवटा परत नाकावर बसवला.

"लिंबाजीराव, मीरा आम्हाला पोकलेन ओढायला पाहिजे का? पोरगी आमचीच आहे. आणि परभणी जिल्ह्यात सगळ्यांना पुरून उरेल एवढी हवा आहे."

त्यांनी डोळे मिटले. बाहेरच्या माणसानं एक दार मोडलं आणि पाणी पुढच्या वाफ्यात गेलं. मी उगाच तेवढंच बघत बसले.

परत

दवाखान्यातून सुटी मिळाल्यावर, बाईंच्या परवानगीनं, आम्ही पाटाच्या कडेनं हळूहळू थोडंसं चाललो. तिघंही, म्हातारे बैल चालतात तसे. झाडाखाली बसून जर्दाळू खाल्ले. कैलास म्हणाला, हिवाळ्यात काम बंद झालं की तो घरी येईल आणि उन्हाळ्यात परतताना श्रीनगर, कारगिल असे मुक्काम टाकत येईल. "मीराला आणीन एकदा. हळूहळू," म्हणाला. लिंबाजीराव गालातल्या गालात हसले. "पानी कोण भरंल?" "मी भरीन की, मामा." यावर त्यांनी वाद घातला नाही.

निघायच्या दिवशी पायऱ्यांवर त्यांची बॅग मी उचलली. धाकटीच, पण उचलली. ते कानकोंडे होऊन भिंतीला चिकटून उतरत होते. "कुणाला सांगू नका, ईनबाई," एवढंच दोनदा म्हणाले. आमा-लेनं जर्दाळूची पिशवी दिली, "जुले" म्हणाली आणि माझ्या गालाला हात लावला. मी जगले याचा तिला खरंच आनंद झाला असावा.

परभणी स्टेशनावर उतरलो. ऊन, धूळ, भज्यांचा वास. लिंबाजीरावांनी पोटभर श्वास घेतला, माझ्या हातातल्या सगळ्या पिशव्या ओढल्या आणि चालायला लागले. मी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "हितं हवा हाय."

आधी पोखर्णीला गेलो. नरसिंहाचं दर्शन घेतलं आणि त्यांच्या घरी आलो तर ओसरीवर भावकी जमलेली. मीरा दाराच्या चौकटीला धरून उभी. कुणी पाणी विचारायच्या आधीच चुलतभाऊ म्हणाला, "बोला, दादा. काय म्हणला डॉक्टर? काय हाय पोराच्या छातीत?"

लिंबाजीरावांनी सगळ्या पिशव्या खाली ठेवल्या. मीराकडं बघितलं.

"जे माझ्या छातीत हाय, तेच," ते म्हणाले. "तारीख काढा."